बेल्ट कोणत्या खाचेत? छोट्या बँडसॉवर ब्लेडचा वेग कसा ठरवायचा

लोखंड कापायच्या छोट्या बँडसॉचं बाजूचं झाकण उघडलं की आत दोन पुल्या दिसतात, दोन्ही पायऱ्यापायऱ्यांच्या. एक मोटरवर, दुसरी गिअरबॉक्सवर, मध्ये व्ही-बेल्ट. बेल्टला बसायला तीन जागा. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक वर्कशॉपमध्ये मशीन आलं त्या दिवशी बेल्ट ज्या खाचेत होता, त्याच खाचेत तो पुढे अनेक वर्षं राहतो. एमएसचा (माइल्ड स्टीलचा, म्हणजे साध्या लोखंडाचा) गज कापा, एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) पाइप कापा, गनमेटलचा बुश कापा, बेल्ट जागचा हलत नाही. बदलतं ते फक्त ब्लेड. एक बोथट झालं, दुसरं चढवलं, आणि दोष ब्लेडच्या कंपनीला.

माझीही सुरुवात अशीच झाली. कोरं ब्लेड लावून दीड इंची एसएसचा गज मी सगळ्यात वेगाच्या खाचेत कापायला घेतला. पहिला अर्धा सेंटिमीटर झपकन कापला. मग आवाज बदलला, कापणं थांबलं, ब्लेड नुसतं घासत राहिलं. काढून पाहिलं तर दात्यांची टोकं गुळगुळीत. बेल्ट दोन खाचा खाली, म्हणजे सगळ्यात हळू वेगाच्या खाचेत असता तर त्याच ब्लेडने तसे अनेक तुकडे निघाले असते. त्या दिवसापासून या तीन खाचांचा विचार मी मनापासून करत आलो आहे, म्हणून जे समजलं ते इथे मांडतो.

आधी मशीन कोणतं ते ठरवून घेऊ. साधारण साडेचार इंचांपर्यंतचा गोल गज कापणारं, आडवं चालणारं, गरजेला उभं करता येणारं, अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आसपास मोटर असलेलं मशीन. ब्लेड १६३८ मिमी लांब, अर्धा इंच म्हणजे चार सूत रुंद, आणि ०.६४ मिमी जाड. या मशीनचे तीन वेग मिनिटाला सुमारे २०, २९ आणि ५० मीटर असतात. मॅन्युअलमध्ये तुम्हाला कधी ८०, १२० आणि २०० फूट असे आकडे दिसतील. ते अमेरिकेतले आहेत. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची, त्यामुळे तीच चार पोलची मोटर तिथे १७२५ फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि आपल्याकडे १४४० च्या. मशीन तेच, पुल्या त्याच, तरी आपल्या ब्लेडचा वेग एक षष्ठांशाने कमी. अमेरिकेतल्या कुणाचा व्हिडिओ पाहून तुम्ही खाच ठरवत असाल तर हा फरक लक्षात असू द्या. आपल्या बाजूने तो थोडा सुरक्षिततेकडे झुकतो, एवढंच बरं.

स्वतःच्या मशीनचा वेग मोजायला काही उपकरण लागत नाही. मशीन बंद असताना ब्लेडवर खडूची ठळक खूण करा, मग मशीन चालू करून एका मिनिटात ती खूण किती वेळा समोरून जाते ते मोजा. खाली वाकू नका, हात लावू नका, नुसतं बघा. आलेल्या आकड्याला १.६४ ने गुणलं की मीटरमध्ये वेग मिळतो. १२ फेऱ्या म्हणजे सुमारे २० मीटर, १८ म्हणजे २९, ३० म्हणजे ५०. हीच मोजणी जॉब (कापायचा तुकडा) कापत असताना पुन्हा करा. आकडा बराच उतरला तर बेल्ट तरी घसरतोय किंवा ब्लेड चाकावर घसरतंय. मग खाच बदलून उपयोग नाही, आधी ताण बघायला हवा.

वेग म्हणजे उष्णता

दाता धातूत घुसतो तेव्हा नेमकं काय होतं हे समजलं की खाचेचं उत्तर बरंचसं आपोआप येतं. धातू कापणं म्हणजे तो चिरणं नव्हे. दाता समोरचा धातू ढकलतो, तो दबतो, घसरतो आणि किसाच्या रूपात वर निघतो. हे ढकलण्याचं काम करायला लागलेली जवळजवळ सगळी शक्ती उष्णतेत बदलते. ती उष्णता कुठे जाते? बरीचशी किसाबरोबर बाहेर पडते, काही जॉबमध्ये शिरते आणि उरलेली दात्याच्या टोकात. दात्याचं टोक केवढं असतं? नखाच्या कडेपेक्षाही बारीक. तेवढ्याशा जागेत साठलेली उष्णता निघून जायला वेळ लागतो, आणि वेग वाढवला की नेमका तोच वेळ कमी होतो.

आता ब्लेड कशाचं आहे ते पाहा. स्वस्तातलं ब्लेड कार्बन स्टीलचं असतं. त्याला पाणी देऊन कडक केलेलं असतं, पण टोक साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो कडकपणा उतरायला लागतो. बायमेटल ब्लेडमध्ये मागचा पट्टा लवचिक स्प्रिंग स्टीलचा आणि दात्यांची धार हायस्पीड स्टीलची, दोन्ही वेल्डिंगने जोडलेली. हायस्पीड स्टील ५५० ते ६०० अंशांपर्यंत आपली धार टिकवून धरतं. एम-४२ म्हणून जे ब्लेड मिळतं त्यात ८ टक्के कोबाल्ट असतो, तो याच उष्णतेशी झुंजायला. म्हणजे "या धातूला कोणता वेग" हा प्रश्न एकट्या धातूचा नाही. कार्बन ब्लेडला जो वेग मारून टाकतो तो बायमेटलला सहज झेपतो. माझ्या मते छोट्या मशीनवर बायमेटल ब्लेड हा पैसे वाचवायचा मार्ग आहे, खर्चाचा नाही. किंमत जास्त पडते, पण रोज थोडं तरी कापणाऱ्याला ती लवकर वसूल होते.

वेग आणि धारेचं आयुष्य यांचं नातं आकड्यात मांडणारा माणूस होता अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर. १८८० च्या सुमारास सुरू केलेले कापण्याचे प्रयोग त्याने सुमारे २६ वर्षं चालवले. आठ लाख पौंडांवर धातूचा त्याने नुसता कीस केला, आणि १९०६ मध्ये निष्कर्ष जगासमोर ठेवले. हायस्पीड स्टीलची उष्णता सोसण्याची ताकदही त्याच्याच आणि माँसेल व्हाइटच्या कामातून पुढे आली. टेलरचं सूत्र सोपं करून सांगायचं तर असं: हायस्पीड स्टीलच्या धारेचं आयुष्य वेगाच्या साधारण आठव्या घाताने घटतं.

आठवा घात म्हणजे काय ते हिशेब करूनच कळतं. वेग १० टक्के वाढवला की आयुष्य निम्म्याच्याही खाली. २० टक्के वाढवला की एक चतुर्थांशाच्या खाली. आणि वेग दुप्पट केला तर २५६ वा हिस्सा. आता आपल्या खाचा बघा. मधल्या खाचेतून वरच्या खाचेत, म्हणजे २९ वरून ५० वर गेलं की वेग १.७ पटीहून थोडा जास्त वाढतो. सूत्र शब्दशः लावलं तर आयुष्य ऐंशीव्या हिश्शाच्या आसपास येतं. हे सूत्र लेथच्या टूलवरून काढलेलं आहे, जे सतत कापत असतं. बँडसॉचा दाता क्षणभर कापतो आणि मग पूर्ण फेरी हवेत निवत येतो, म्हणून आकडा जसाच्या तसा धरू नका. पण चढण किती उभी आहे हे त्यातून कळतं. वरची खाच लावून तुम्ही एका कापामागे दोन-तीन मिनिटं वाचवता. त्याची किंमत ब्लेडच्या आयुष्यात मोजली जाते, आणि ती मिनिटांच्या मानाने फार मोठी आहे.

म्हणून माझा पहिला नियम: धातू ओळखू येत नसेल तर सगळ्यात खालची खाच. हळू कापल्याने ब्लेड मरत नाही, तुमचा वेळ जातो. जोरात कापल्याने दोन्ही जातं.

धातू आणि खाच

एमएसपासून सुरू करू, कारण नव्वद टक्के काम तेच. मॅन्युअल बहुतेक वेळा एमएसला सगळ्यात वरची खाच सांगतं. बायमेटल ब्लेड आणि कुलंट (कापताना थंडावा देणारं द्रव) असेल तर ते बरोबर आहे. पण आपल्याकडे छोट्या बँडसॉवर कुलंट क्वचितच असतं. कोरडं कापायचं तर वेग तीस ते पन्नास टक्के कमी धरावा असा सर्वसाधारण दंडक आहे. कार्बन ब्लेड, कोरडं कापणं, दोन इंची गज, हे तिन्ही एकत्र आले की मधली खाच. पातळ अँगल किंवा चौकोनी पाइप असेल तर वरची चालून जाते, कारण दाता धातूत फार वेळ अडकून पडत नाही.

ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाला मधली. ईएन-२४, ईएन-३१ ही मिश्र पोलादं आणि डाय बनवायची स्टीलं यांना खालची, आणि तीही मटेरियल मऊ केलेलं असेल तरच. भंगारातून आणलेला शाफ्ट किंवा ट्रकचा कमानपट्टा असेल तर बँडसॉवर चढवण्याआधी त्यावर कानस चालवून बघा. कानस चावली तर कापा. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर तो तुकडा या मशीनचा नाही, कोणत्याही खाचेत नाही. तो कटिंग व्हीलने कापावा लागेल किंवा आधी भट्टीत मऊ करावा लागेल. एवढी अर्ध्या मिनिटाची तपासणी न केल्याने जितकी ब्लेडं गेली असतील, तितकी चुकीच्या वेगानेही गेली नसतील असं मला वाटतं.

बांधकामाच्या टीएमटी सळईचं थोडं वेगळं आहे. गरम सळई कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात, त्यामुळे तिची साल कडक होते आणि गाभा मऊ राहतो. शिवाय बाहेरून उंचवटे. कडक सालीवर दाते आपटत सुरुवात होते, म्हणून मधली खाच आणि पहिले काही क्षण मशीनच्या धडाचं, म्हणजे ब्लेड असलेल्या वरच्या भागाचं, वजन हाताने पेलून धरणं.

बीड, म्हणजे कास्ट आयर्न, कोरडंच कापायचं. त्यातलं ग्राफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं, आणि कुलंट टाकलं तर बारीक चुऱ्याचा चिखल होऊन दाते भरतात. आतलं बीड मऊ लागतं, पण ओतकामाच्या वरच्या सालीत वाळूचे कण असतात आणि पातळ कडा भरभर थंड झाल्याने कडक झालेल्या असतात. साल पार होईपर्यंत खालची खाच बरी. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून आलेला ओतीव तुकडा कापणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. साल आधी ग्राइंडरने उतरवून घेतली तर मधल्या खाचेतही छान कापतं.

आता एसएस, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात. ३०४ ग्रेडला हात लावला तर तो काही फार कडक नसतो. मग ब्लेडं का मरतात? दोन कारणं. पहिलं, एसएस उष्णता वाहून नेत नाही. एमएसच्या जेमतेम एक तृतीयांश. कापताना तयार झालेली उष्णता गजात पसरण्याऐवजी दात्याशीच थांबते. दुसरं कारण जास्त गंमतशीर. ३०४ ला दाबलं, वाकवलं, घासलं की त्याचा वरचा थर आतून बदलतो आणि कडक होतो. याचा पुरावा घरी बघता येतो: ३०४ च्या सरळ पट्टीला चुंबक चिकटत नाही, पण तीच पट्टी थंड असताना जोरात वाकवली तर वाकल्या जागी चुंबकाला हलकी ओढ जाणवते. आतली रचना बदलल्याची ती खूण. आता विचार करा, ब्लेड वेगात फिरतंय आणि दाता न कापता नुसता घासून जातोय. मागच्या दात्यासाठी तो कडक झालेला थर ठेवून जातो. मागून येणारा तो दाता त्याहून कमी कापतो, जास्त घासतो. दोन मिनिटांत गाडी थांबते. माझ्या त्या दीड इंची गजाचं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून एसएसला सगळ्यात खालची खाच आणि वजन चांगलं. हळू, पण दमदार. कापताना मध्येच ब्लेड वर उचलून पुन्हा टेकवत बसू नका. दाता प्रत्येक वेळी कडक थराच्या खाली घुसला पाहिजे.

पितळ आणि अॅल्युमिनियम ही उलट टोकाची मंडळी. दोघांनाही वरची खाच. अॅल्युमिनियमला तर मोठ्या मशीनवर मिनिटाला शेकडो मीटर वेग देतात, तेव्हा आपल्या ५० मध्ये जास्त होण्याचा प्रश्नच नाही. तिथे त्रास उष्णतेचा नसून चिकटण्याचा. कीस दात्यांच्या खोबणीत दाबून बसतो आणि मग ब्लेड कापत नाही, ओरडतं. उपाय जाड दाते (इंचाला कमी दाते असलेलं ब्लेड) आणि मेणाची कांडी. रॉकेलचे थेंब सोडायची पद्धत जुनी आहे आणि काम देते, पण ते पेटतं, जवळ ग्राइंडिंगच्या ठिणग्या नकोत. फॉस्फर ब्राँझला मात्र पितळेचा भाऊ समजून वरच्या खाचेत टाकू नका. तो चिवट आहे, खालच्या खाचेत जातो.

वजन आणि दाते यांच्याशिवाय वेगाला अर्थ नाही

छोट्या मशीनचं धड स्वतःच्या वजनाने खाली येतं, आणि मागच्या स्प्रिंगने आपण ते वजन कमी-जास्त करतो. समजा १४ दात्यांचं ब्लेड आहे, म्हणजे इंचाला १४. दोन इंची भरीव गजाच्या मधोमध ते पोचलं की एका वेळी २७ ते २८ दाते धातूत असतात. धडाचं सगळं वजन त्या २८ जणांत वाटलं गेलं. एकेकाच्या वाट्याला इतकं कमी येतं की तो घुसतच नाही, वरवर खरवडतो. कापणं रेंगाळतं. मग माणूस काय करतो? बेल्ट वरच्या खाचेत टाकतो. खरवडणंच वेगाने होऊ लागतं, उष्णता वाढते, ब्लेड जातं. खरं उत्तर ६ ते १० दात्यांचं ब्लेड हे होतं. दाते कमी, वजनाचा वाटा मोठा, आणि दोन दात्यांमधली खोबण मोठी म्हणून कीस मावायलाही जागा.

पातळ मालाला उलटं. कमीत कमी तीन दाते धातूत असावेत. १४ दात्यांच्या ब्लेडमध्ये दोन दात्यांमधलं अंतर १.८ मिमी, म्हणजे साडेपाच मिमीपेक्षा पातळ भिंतीला ते जाड पडतं. तीन मिमीच्या आसपास भिंत असलेल्या पाइपला २४ दात्यांचं ब्लेड लागतं. जाड दाते पातळ भिंतीवर अडकले की तुटतात, आणि ते कोणत्याही वेगाला तुटतात. तुटलेले दाते पाहून बेल्ट खाली आणणारे लोक मी पाहिले आहेत. दाते तुटले असतील तर गणित दात्यांचं चुकलं, गुळगुळीत झाले असतील तर वेगाचं. एवढा एक फरक ब्लेड फेकण्याआधी नीट बघून घ्या.

किसाकडे बघत राहा

सगळे तक्ते बाजूला ठेवले तरी कीस खरं बोलतो. एमएस कापताना छोट्या, सुटसुटीत, चांदीच्या रंगाच्या वळ्या पडत असतील आणि त्या हाताला फक्त कोमट लागत असतील तर वेग आणि वजन दोन्ही जमलंय. मशीन बंद करूनच हात लावा, आणि ब्लेडच्या जवळचा नको, खाली पडलेला कीस घ्या. पिठासारखा बारीक चुरा पडत असेल तर दाते घासतायत: वजन वाढवा किंवा जाड दात्याचं ब्लेड लावा. बीडाचा कीस मात्र नेहमीच चुऱ्यासारखा असतो, त्याला हा नियम नाही. कीस तपकिरी किंवा निळा पडायला लागला तर पोलादाचा पृष्ठभाग २५० ते ३०० अंशांच्या घरात गेलाय. लगेच एक खाच खाली.

लेथवर काम केलेल्यांची इथे हमखास फसगत होते. कार्बाइड इन्सर्टने (टूलवर बसवायच्या फार कडक धारेच्या तुकड्याने) टर्निंग करताना निळा कीस पडणं हे तिथे चांगलं लक्षण मानतात, आणि बरोबरही आहे, कारण कार्बाइडला ती उष्णता काहीच वाटत नाही. बँडसॉच्या कार्बन ब्लेडला तीच उष्णता म्हणजे शेवट.

नवं ब्लेड लावलं की पहिले काही काप निम्म्या वजनाने घ्या. वेग त्या धातूचा नेहमीचाच ठेवा. कोऱ्या दात्याचं टोक इतकं तीक्ष्ण असतं की पूर्ण वजनाखाली ते सूक्ष्म तुकड्यांनी उडतं. हलक्या कापांनी ते जरासं गोलावतं आणि मग टिकतं.

वखारीतली लाकडाची बँडसॉ बघून काहीजण विचारतात, ती तर केवढ्या वेगात फिरते, तिच्यावर लोखंड का नाही? लाकडाचं ब्लेड मिनिटाला ९०० ते १५०० मीटर धावतं. आपल्या वरच्या खाचेच्या वीस-तीस पट. त्यावर एमएस लावलं तर दाते काही सेकंदांत जातात. अॅल्युमिनियमची पट्टी मात्र त्यावर कापता येते.

व्हीएफडी (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण) बसवून वेग हवा तसा फिरवता यावा अशीही अनेकांची इच्छा असते. आपल्या छोट्या मशीनवर सहसा कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटर असते, तिला व्हीएफडी चालत नाही. थ्री फेज मोटर बदलून बसवावी लागते. तेव्हाही एक गोष्ट लक्षात ठेवा: बेल्टने वेग कमी केला की ब्लेडची ओढ त्याच प्रमाणात वाढते, जी एसएसला हवीच असते. व्हीएफडीने कमी केला तर ओढ वाढत नाही, आणि मोटरचा पंखा मंदावल्याने मोटर तापते ती वेगळीच. म्हणून व्हीएफडी लावला तरी मोठा बदल बेल्टनेच करावा आणि अधलामधला व्हीएफडीने.

बेल्ट बदलायला दोन मिनिटं लागतात. नुसतं बटण बंद करू नका, पिन सॉकेटमधून काढा. मोटरचा बोल्ट सैल करून मोटर आत सरकवा, बेल्ट हाताने दुसऱ्या जोडीत न्या. मोटरवरची लहान पुली आणि गिअरबॉक्सवरची मोठी, ही सगळ्यात हळू जोडी. मोटरवरची मोठी आणि गिअरबॉक्सवरची लहान, ही सगळ्यात वेगवान. मोटर मागे ओढून ताण द्या. दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट अर्धा इंच दबला की ताण ठीक. मी माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटने तीन ओळी लिहून ठेवल्यात: खाली एसएस आणि ईएन-२४, मध्ये एमएस आणि ईएन-८, वर पितळ आणि अॅल्युमिनियम. झाकण उघडल्याशिवाय बेल्ट बदलता येत नाही, आणि उघडलं की त्या ओळी समोर येतात.